धुळ्याच्या जेलातले अठरा रविवार



आयोजकांनी मला दिलेला विषय तुम्ही बाहेर फलकावर वाचलाच असेल : 'निकोप नातेसंबंध, जोडणं आणि टिकवणं'. फोन आला तेव्हा मी म्हटलं, अहो, यासाठी एखादा समुपदेशक बोलवा. मी पडलो तत्त्वज्ञानाचा मास्तर, आणि तत्त्वज्ञ मंडळींचे संसार हा काही आदर्श म्हणून सांगण्याजोगा विषय नाही. सॉक्रेटिसच्या बायकोला विचारा. पण ते म्हणाले, सर, विषय तुमच्या पद्धतीनं मांडा, फक्त साक्रीला या. साक्रीला या म्हटलं की मला नाही म्हणता येत नाही. याच तालुक्यातल्या एका खेड्यात मी वाढलो, इथे शाळा शिकलो आणि इथून जो निघालो तो निवृत्तीनंतरच नीट परत आलो.

तेव्हा उपदेश नको. मी एक इतिहास सांगतो. तो इथून पन्नासेक किलोमीटरवर, धुळ्याच्या जेलात घडला आहे. आपल्या जिल्ह्यातला आहे, म्हणून आपल्याला तो माहीत आहे असं आपण धरून चालतो. मीही चालत होतो.

साल १९३२. दुसरी गोलमेज परिषद निष्फळ झालेली, गांधीजी परत आले आणि ४ जानेवारीला त्यांना अटक झाली. देशभर धरपकड सुरू झाली. खान्देशातले, विदर्भातले कितीतरी सत्याग्रही धुळ्याच्या जेलात आणून भरले. जमनालाल बजाज होते. विनोबा भावे होते. आणि अमळनेरच्या शाळेतली नोकरी दोन वर्षांपूर्वी सोडून चळवळीत उतरलेले पांडुरंग सदाशिव साने होते. विनोबा तेव्हा छत्तीस वर्षांचे, साने गुरुजी बत्तीसचे. गंमत बघा, दोघंही कोकणातले. एकाचा जन्म गागोद्याचा, दुसऱ्याचा पालगडचा. भेट झाली ती आमच्या खान्देशातल्या तुरुंगात.

जेलातल्या मंडळींनी विनोबांना गीतेवर बोलायला सांगितलं. २१ फेब्रुवारी १९३२ हा रविवार. त्या दिवशी पहिला अध्याय झाला. पुढच्या रविवारी दुसरा. असं करत १९ जूनच्या रविवारी अठरावा अध्याय संपला. मी कॅलेंडर मांडून मोजलं आहे. अठरा अध्याय, बरोबर अठरा रविवार, मध्ये एकही खाडा नाही. आपल्याकडे व्याख्यानमाला पाच दिवसांची असली तरी तिसऱ्या दिवशी वक्त्याचा घसा बसतो. तिथे फेब्रुवारीची थंडी संपून धुळ्याचा मे महिना आला आणि गेला. धुळ्याचा मे काय असतो, तो तुम्हाला सांगायला नको.

हीच ती 'गीता प्रवचने'. तुमच्यापैकी पुष्कळांच्या घरात हे पुस्तक असेल. पण मला आज पुस्तकाबद्दल बोलायचं नाही. पुस्तक झालं कसं, त्याबद्दल बोलायचं आहे. विनोबा बोलत होते. लिहून आणलेलं वाचत नव्हते. ध्वनिमुद्रणाचं यंत्र जेलात असण्याचा प्रश्नच नव्हता. त्या समुदायात बसून एक माणूस ते हातानं लिहून घेत होता. तो माणूस साने गुरुजी. त्यांनी लिहून घेतलं नसतं तर ते शब्द जेलाच्या भिंतींतच विरले असते. विनोबांनी स्वतः हे जाणलं होतं. साने गुरुजींसारखा लिहून घेणारा मिळाला, हा त्यांनी ईश्वराचा प्रसाद मानला.

आता तुम्ही म्हणाल, लिहून घेणं म्हणजे कारकुनी काम, त्यात नातं कुठे आलं? थांबा जरा.

ही दोन माणसं कशी होती ते बघा. विनोबा म्हणजे गणिताचा माणूस. घर सोडायचं ठरल्यावर आईच्या देखत शाळेची प्रमाणपत्रं चुलीत घालणारा. बोलणं नेमकं, वाक्य लहान, उपमा मोजून दिलेली. आणि साने गुरुजी? त्यांच्या लेखणीला सदा पान्हा फुटलेला. एका विशेषणावर त्यांचं भागत नाही, उद्गारचिन्हाशिवाय परिच्छेद संपत नाही. रडवेपणाचा आरोप त्यांच्यावर त्यांच्या हयातीतच झाला आणि अजूनही होतो. अशा माणसानं दुसऱ्याचं बोलणं लिहून घ्यायला बसायचं म्हणजे केवढा मोह! एखादा शब्द आपला घालावा, एखादं वाक्य फुलवावं, इथे थोडी करुणा कमी पडते आहे, ती ओतावी. पण 'गीता प्रवचने' उघडून कुठलंही पान वाचा. आवाज विनोबांचा आहे. क्वचित कुठे ओलावा गुरुजींचा वाटतो, असं माझं मत आहे. त्यावर कुणी वाद घातला तर मी हरेन, कारण माझ्याजवळ पुरावा नाही, फक्त वाचनाची सवय आहे.

स्वतःजवळ इतकी समृद्ध भाषा असून दुसऱ्याच्या भाषेत दुसऱ्याचं म्हणणं उतरवणं, आणि तेही अठरा आठवडे! मला नात्याची याहून चांगली व्याख्या सापडलेली नाही. आपण काय करतो? समोरचा बोलत असतो तेव्हा आपण मनातल्या मनात त्याचं भाषांतर करत असतो. तो म्हणतो, दमलोय. आपण ऐकतो, काम टाळतोय. सून म्हणते, आई, मी करते. सासू ऐकते, तुमचं मला पटत नाही. दोघींपैकी खोटं कुणीच बोलत नसतं. लिहून घेणाऱ्यानं स्वतःचे शब्द घातलेले असतात, एवढंच.

विनोबांच्या बाजूनंही एक गोष्ट सांगायला हवी. ते इतकं शिस्तीनं बोलत होते त्याच्या मुळाशीसुद्धा एक ऐकणं आहे. त्यांच्या आईला संस्कृत येत नव्हतं. गीतेचं सोपं मराठी रूपांतर मिळावं असं तिला वाटे, आणि तूच का करत नाहीस, असं तिनं मुलाला म्हटलं होतं. ती १९१८ साली गेली. मुलानं 'गीताई' लिहायला घेतली १९३० साली, आणि ती १९३१ च्या फेब्रुवारीत पुरी झाली. म्हणजे आईनं बोललेलं एक वाक्य त्यानं बारा वर्षांहून जास्त काळ कानात जपून ठेवलं होतं. तुम्ही म्हणाल, एवढा उशीर? हो, उशीरच. पण ते वाक्य विसरलं गेलं नव्हतं.

साने गुरुजी हे ऐकणं शिकले कुठे? याचं उत्तर अमळनेरला आहे, आणि ते उत्तर मला, तत्त्वज्ञानाचा माणूस म्हणून, थोडं टोचतं.

अमळनेरला प्रताप शेठजींनी १९१६ साली तत्त्वज्ञान मंदिर स्थापन केलं. एका गिरणीमालकानं तालुक्याच्या गावी तत्त्वज्ञानाची संशोधन संस्था काढावी, ही खान्देशच्या इतिहासातली एक नवलाची गोष्ट आहे. पुढे कृष्णचंद्र भट्टाचार्यांसारखा मोठा तत्त्वज्ञ तिथे येऊन राहिला. मी स्वतः प्रबंधाच्या काळात तिथल्या ग्रंथालयात दिवसचे दिवस बसलेलो आहे. तर या मंदिरात तत्त्वज्ञानाचा अभ्यास करायला साने नावाचा तरुण आला. आणि रमला नाही. शंकराचार्यांच्या भाष्यावर चर्चा चालायची, पण आजूबाजूच्या माणसांचं काय चाललं आहे याच्याशी त्या चर्चेचा संबंध त्याला सापडेना. १९२४ साली तो तिथल्याच शाळेत, प्रताप हायस्कुलात शिक्षक झाला आणि वसतिगृहाचं काम त्याच्याकडे आलं. मंदिर सुटलं ते सुटलंच.

त्या छात्रालयात खेड्यापाड्यांतली मुलं होती. घर सोडून पहिल्यांदाच आलेली. गुरुजी त्यांची अंथरुणं घालत, कपडे धुऊन टाकत, कुणी आजारी पडला की उशाशी बसत. हे सगळं आपण शाळेच्या धड्यात वाचलेलं असतं आणि त्यामुळे त्याची धार गेलेली असते. मला त्याहून महत्त्वाचं वाटतं ते 'छात्रालय दैनिक'. मुलांसाठी गुरुजी रोज एक हस्तलिखित अंक तयार करत. रोज! मी तीस-बत्तीस वर्षं शिकवलं. वर्षाला एक नियतकालिक काढताना आमची दमछाक व्हायची, आणि त्यातही निम्मं प्राचार्यांचं मनोगत असायचं. रोज मुलांसाठी लिहायचं तर रोज मुलांकडे बघावं लागतं, आज कोण गप्प आहे, कुणाच्या घरून पत्र आलं नाही, कुणाचं कुणाशी बिनसलं आहे. एकदा मायेनं केलेली मोठी गोष्ट आणि रोज न चुकता केलेली लहान गोष्ट यांत नातं दुसरीवर उभं राहतं. ॲरिस्टॉटलनं नीतिशास्त्रावरच्या त्याच्या ग्रंथाच्या दहा भागांपैकी दोन पूर्ण भाग मैत्रीला दिले आहेत. त्यात तो जुन्या म्हणीचा आधार घेतो, की दोघांनी मिळून बरंच मीठ खाल्ल्याशिवाय एकमेकांची ओळख होत नाही. मीठ बरंच खायचं म्हणजे जेवणं किती व्हायला हवीत, हिशेब करा. मीठ एका पंगतीत खाऊन संपत नाही.

दैनिकानं मुलं बोलती झाली. मग पुढे याच माणसानं बायकांचं ऐकलं. खेड्यापाड्यांतल्या बायकांच्या ओव्या गोळा करून त्यांनी 'स्त्रीजीवन'चे दोन खंड केले. ओवी कुणाला सांगितलेली असते? जात्याला. घरात सासरा आहे, नवरा आहे, दीर आहे, पण मनातलं सांगायचं ते पहाटे दगडाला. ही काही कवीकल्पना नाही, आपल्या घरांचा इतिहास आहे. आपल्या आखाजीचंच बघा ना. लेक माहेरी येते, निंबाच्या फांदीला झोका बांधलेला असतो आणि झोक्यावर बसून ती सासरचं सगळं गाऱ्हाणं गाण्यातून सांगते. नुसतं बोलून सांगितलं असतं तर आई म्हणाली असती, सोसावं बाई. गाण्यातून सांगितलं की कुणी मध्ये बोलत नाही. आपल्या पूर्वजांनी लेकीला वर्षातून दोन-चार दिवस मध्ये न तोडता बोलायची सोय करून ठेवली होती. दोन-चारच दिवस का, हा प्रश्न आहेच. तो विचारायलाच हवा.

आणि असोद्याच्या बहिणाबाई. त्यांना लिहिता-वाचता येत नव्हतं. काम करता करता त्या ओव्या म्हणत आणि मुलगा सोपानदेव व घरातली माणसं त्या टिपून ठेवत. सोपानदेव स्वतः कवी, प्रमाण मराठीत लिहिणारे. त्यांना वाटलं असतं, आईची भाषा जरा सुधारून घेऊ, चार शब्द पुण्याच्या लोकांना कळतील असे करू, तर आज आपल्या हातात काय राहिलं असतं? बहिणाबाई १९५१ च्या डिसेंबरात गेल्या आणि आचार्य अत्र्यांच्या पुढाकारानं १९५२ साली त्यांची गाणी पुस्तकरूपानं आली. आली ती त्यांच्या बोलीत. मुलानं आईचं बोलणं दुरुस्त केलं नाही.

हे वाक्य मी बोललो खरा, पण ते बोलताना माझा आवाज मलाच खोटा वाटतो. का, ते सांगतो. हे व्याख्यान नेटवर जाणार आहे, माझी नातवंडं ऐकतील. ऐकू दे.

मला एक थोरला भाऊ आहे. मी त्याला दादा म्हणतो. वडील लवकर गेले. दादानं सातवीनंतर शाळा सोडली आणि मी पुण्याला एम. ए. पर्यंत पोचलो. त्याचं सोडणं आणि माझं पोचणं, या दोन गोष्टी एकाच जमिनीतून निघाल्या हे वेगळं सांगायला नको. १९७२ साल. दुष्काळ. दादानं मला पत्र लिहिलं. पोस्टकार्ड. विहीर आटली, गुरांना चारा नाही, तांबडा बैल विकला, असं त्यात होतं. 'पाणी'ला 'पानी' लिहिलं होतं, 'कोणी'ला 'कोनी', ऱ्हस्व-दीर्घाचा काही मेळ नव्हता. आपण अहिराणी बोलणारी माणसं, आपल्या तोंडात 'ण' बसत नाही. आणि मी, बावीस वर्षांचा, पुण्यात भाषा घासून घासून गुळगुळीत केलेला. मी त्याला उत्तर पाठवलं. खुशाली लिहिली आणि खाली, थट्टेत म्हणा, पण त्याच्या पत्रातल्या अकरा चुका काढून त्यांची शुद्ध रूपं लिहून पाठवली.

बैलाबद्दल मी एक अक्षर लिहिलं नाही. त्या महिन्याची मनीऑर्डर मात्र वेळेवर आली होती. ती कुठून आली, हेही मी विचारलं नाही.

दादानं त्यानंतर मला कधी पत्र लिहिलं नाही. भांडला नाही, रुसला नाही, जमिनीचं वाटप झालं तेव्हाही सरळ वागला. पुढे गावात फोन आले. फोनवर बोलणं ठरलेलं. "बरं शे ना?" "बरं शे." नातं तुटलं असं कुणी म्हणणार नाही. लग्नकार्यात आम्ही शेजारी उभे असायचो, फोटोत आहोत. पण त्या पोस्टकार्डानंतर माझ्या भावानं मला मनातलं काही सांगितलेलं नाही, हे मला कळायला तीस वर्षं लागली. कळलं तेही साने गुरुजींवर एक लेख लिहीत असताना. दुसऱ्याचं बोलणं जसंच्या तसं उतरवणं, असं काहीतरी मी लिहिलं होतं, आणि हात थांबला.

म्हणून सांगतो, नाती भांडणानं मोडतात हे अर्धंच खरं आहे. भांडणात निदान दोघं एकमेकांना काही सांगत असतात. जास्त नाती मोडतात ती दुरुस्तीनं. असं नाही, असं म्हण. तुला तसं वाटत नाही, असं वाटतं. यात कुणी ओरडत नाही, म्हणून आवाजही होत नाही.

बृहदारण्यक उपनिषदात याज्ञवल्क्य घर सोडून निघाला आहे. दोन बायका, मैत्रेयी आणि कात्यायनी. तो म्हणतो, तुमची वाटणी करून देतो. मैत्रेयी धन घेत नाही, प्रश्न विचारते. आपण वर्गात तिथून आत्मविद्येकडे जातो, श्रवण-मनन-निदिध्यासन शिकवतो, टिपणं देतो. मीही दिली. पण श्रवण हा शब्द ज्या प्रसंगात येतो, तो नवरा-बायकोच्या शेवटच्या बोलण्याचा प्रसंग आहे, हे मी एकाही वर्षी मुलांना सांगितलं नाही. इतकी वर्षं एकत्र काढलेल्या बायकोचा प्रश्न त्या ज्ञानी माणसानं बहुधा त्या दिवशी पहिल्यांदा पुरता ऐकला असावा. उपनिषदात असं लिहिलेलं नाही, हे माझं आगाऊपण आहे.

मार्टिन बूबर नावाचा एक ज्यू तत्त्वज्ञ होऊन गेला. त्याचं 'मी आणि तू' हे पुस्तक १९२३ साली जर्मनमध्ये निघालं. त्यानं स्वतःच्या आयुष्यातली एक गोष्ट लिहून ठेवली आहे. पहिल्या महायुद्धाच्या सुमारास एक तरुण त्याला भेटायला आला. बूबर सकाळपासून आपल्या ध्यानाच्या आनंदात होता. तो त्या मुलाशी सौजन्यानं वागला, मोकळेपणानं बोलला, त्याच्या प्रश्नांना उत्तरं दिली. पण त्या मुलानं जे प्रश्न विचारले नाहीत, ते ओळखायचे राहून गेले. नंतर कळलं की तो मुलगा आता हयात नाही, आणि त्या दिवशी तो गप्पा मारायला आलेला नव्हता. बूबर म्हणतो ते असं, की त्यानंतर त्यानं ती ध्यानातली सुखं सोडून दिली. मी हे पुस्तक वर्गात शिकवलं आहे, परीक्षेला प्रश्नही काढला आहे. वीस गुणांचा.

ही गोष्ट मी मुद्दाम सांगितली, कारण आता मला साने गुरुजींच्या शेवटाकडे यायचं आहे. ११ जून १९५०. गुरुजींनी स्वतःहून आपली जीवनयात्रा संपवली. पन्नास वर्षांचं वय. माझा जन्म त्याच वर्षातला, त्यामुळे ही तारीख लहानपणापासून घरात ऐकत आलो. लोक अजून विचारतात, का? गांधीजींची हत्या, स्वातंत्र्यानंतरची निराशा, स्वभावातली उदासी. एवढ्या मोठ्या गोष्टीचं एक कारण हातात काढून दाखवणाऱ्यावर माझा विश्वास नाही. आणि त्यांच्याभोवतीची माणसं थोर होती, जिवाला जीव देणारी होती, त्यांच्यावर कुठलाही ठपका ठेवायचा माझा विचार नाही.

मला फक्त नात्यांच्या दृष्टीनं एक दिसतं ते मांडतो. या माणसाकडे सगळे आपलं दुःख घेऊन येत. विद्यार्थी, गिरणी कामगार, शेतकरी, कार्यकर्ते. सगळ्यांनी मिळून त्यांना माउली केलं. आणि आपल्याकडे एकदा कुणाला माउली केलं, की तिला काय होतंय हे विचारायची पद्धत नाही. आईला विचारतो का आपण? ती सगळ्यांचं ऐकते, हे आपण तिचं कामच धरून चालतो. 'श्यामची आई' हे पुस्तक गुरुजींनी १९३३ च्या फेब्रुवारीत नाशिकच्या जेलात लिहिलं. त्यात श्याम रोज रात्री आईबद्दल सांगतो आणि मित्र ऐकतात. आई स्वतः १९१७ सालीच गेलेली होती. मुलगा बोलतो आहे, जग ऐकतं आहे, जिच्याबद्दल बोलणं चाललंय ती तिथे नाही. शेवटच्या काळात गुरुजी पुतणी सुधा हिला लांब लांब पत्रं लिहीत, ती 'साधना'त छापून येत, लोक आवडीनं वाचत. फुलं, पाखरं, समुद्र, देशोदेशीच्या गोष्टी. सुंदर पत्रं आहेत. ती पत्रं वाचताना मला सारखं वाटतं, हा माणूस अजून ऐकणाऱ्याच्याच जागी बसून बोलतो आहे. लहान मुलीला काय आवडेल तेच सांगतो आहे. आपलं म्हणून त्यात फार थोडं आहे.

तुमच्या ओळखीत असं कुणी असेल. सगळे ज्याच्याकडे धाव घेतात असा मामा, अशी मावशी, शाळेतले सर, वाड्यातली आजी. त्यांच्याकडे कधी नुसतं जाऊन बसा. आपलं काही न घेता. आणि बसल्यावर त्यांच्या बोलण्यात खरंच काही काळजी करण्यासारखं वाटलं, तर नुसतं ऐकून थांबू नका. घरच्यांना सांगा, डॉक्टरांकडे सोबत जा. बूबरला जे उशिरा कळलं ते आपल्याला आधी कळू शकतं.

पुढे १९५१ साली पोचमपल्लीहून विनोबांची भूदान यात्रा निघाली. वर्षानुवर्षं पायी फिरले आणि जातील तिथे 'गीता प्रवचने' लोकांच्या हातात देत गेले. किती भाषांत ते पुस्तक गेलं! त्या रविवारी धुळ्यात बसून ज्यानं ते लिहून घेतलं होतं, तो ते बघायला नव्हता.

आता माझ्या दादाचं राहिलं. दादा ब्याऐंशी वर्षांचा आहे. निवृत्तीनंतर मी इकडे आलो त्या वर्षी श्रावणात, नागपंचमीनंतरच्या रविवारी, कानबाईच्या रोटाला गावी गेलो. कितीतरी वर्षांनी गेलो होतो. आपल्याकडे रोटाचा गहू घरातल्या माणसांच्या नावानं मुठी मोजून घेतात, तुम्हाला माहीत आहे. वहिनी मोजत होती. दादाचं नाव, मुलांची नावं, नातवांची. आणि मध्येच माझं नाव. मी म्हटलं, वहिनी, मी आज आलोय म्हणून का? ती म्हणाली, नाही हो भाऊ, दरसाल घेतो, यांनी कधी चुकू दिलं नाही. मी पुण्यात बसून लेख लिहीत होतो ती सगळी वर्षं माझ्या नावाचा गहू इथे दळला जात होता आणि रोट माझ्या वाटचा भाऊबंद खात होते.

पोस्टकार्डाबद्दल मी त्या दिवशी ओट्यावर बसून दादाची माफी मागितली. त्याला ते आठवत होतं की नाही, कळलं नाही. कारण मधल्या काळात दादाला ऐकू येईनासं झालं आहे. यंत्र आणून दिलं, ते तो कपाटात ठेवतो. म्हणतो, कानात माशी बसल्यासारखं होतं. आता आपल्या नदीचंच नाव कान, तिच्या काठी राहून याला ऐकू येईना, असा विनोद त्याचा नातू करतो. त्यामुळे आता आमचं असं झालं आहे की मी बोलून उपयोग नाही. मी दर रविवारी जातो. मी बसतो आणि दादा बोलतो. अहिराणीत बोलतो. पाऊस, कापसाचा भाव, गुडघे, कोण वारलं, कुणाच्या पोरीचं लग्न मोडलं. परवा बोलता बोलता तांबड्या बैलाचं निघालं. त्याचं नाव राजा होतं, हे मला पन्नास वर्षांनी कळलं. मी वहीत लिहून घेतलं. तो म्हणाला तसं.

घड्याळाकडे बघून आयोजक अस्वस्थ झाले आहेत. प्रश्न असतील तर जरूर विचारा. तिकडे मागे त्या ताईंनी मघापासून हात वर केलाय, मी बोलत राहिलो म्हणून त्यांनी तो खालीही घेतला होता. ध्वनिक्षेपक त्यांच्याकडे द्या. हं, बोला ताई.